विश्लेषण : घरातल्या फिश टँकवर ऊन पडू द्यावे का? नेवाशाच्या उन्हाचा हिशेब काय सांगतो?

फिश टँक खिडकीजवळ ठेवला की पाणी हिरवे होते, म्हणून तो अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, असा सल्ला दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळेच देतात. पण टँकमध्ये जिवंत झाडे लावली असतील तर त्यांना उजेड लागतोच. मग ऊन चांगले की वाईट? उत्तर खिडकीच्या दिशेवर, महिन्यावर आणि उन्हाच्या वेळेवर ठरते. नेवाशासारख्या कोरड्या, कडक उन्हाच्या तालुक्यात तर शेवाळापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

प्लॅस्टिकची झाडे आणि रंगीत खडे टाकून सजवलेल्या टँकऐवजी खरी पाणवनस्पती लावलेला टँक ठेवण्याकडे कल वाढतो आहे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, कॅबोम्बा, अनुबियास, जावा फर्न ही नावे आता लहान शहरांतही ओळखीची झाली आहेत. अशा टँकसाठी खास एलईडी दिवे मिळतात. पण नेवाशाच्या घरात खिडकीतून फुकट येणारा उजेड असताना दिव्यावर खर्च कशाला, असे वाटणे साहजिक आहे. त्यातून टँक खिडकीच्या कट्ट्यावर जातो. हिवाळ्यात सगळे ठीक चालते, झाडे तरारतात. मग मार्च उजाडतो, पाणी हिरवे होते आणि मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. दोष उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक उन्हाची नसते, ते मोजले गेलेले नसते.

पाण्यातल्या झाडांना सूर्यप्रकाश खरेच लागतो का?

प्रकाश लागतो, तो सूर्याचाच असला पाहिजे असे नाही. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाचा शोधच मुळी पाण्यात बुडवलेल्या पानांवरून लागला. डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवून दिले, की पाण्यात ठेवलेल्या हिरव्या पानांतून उन्हात बुडबुडे निघतात, अंधारात ते थांबतात. ते बुडबुडे ऑक्सिजनचे. शाळेच्या प्रयोगशाळेत हायड्रिलावर नरसाळे पालथे ठेवून करायचा प्रयोग त्याच धाग्यातला.

घरगुती टँकची सुरुवातही उन्हावरच झाली. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये तिथल्या केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाचे झाड आणि काही गोगलगाई. झाडाने ऑक्सिजन द्यायचा, माशांनी तो घ्यायचा, माशांच्या विष्ठेवर झाडाने वाढायचे आणि कुजकी पाने व शेवाळ गोगलगाईंनी खायचे. त्या काळी विजेचा दिवा नव्हता, पंप नव्हता. म्हणजे केवळ नैसर्गिक उजेडावर टँक चालू शकतो, हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. फरक इतकाच, की लंडनचे ऊन आणि नेवाशाचे ऊन एक नाही.

ऊन आणि खोलीतला उजेड यांत किती फरक असतो?

आपल्या डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा. भरदुपारच्या थेट उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. खिडकीजवळ, पण ऊन थेट पडत नाही अशा जागी ती काही हजार लक्सवर येते. खोलीच्या आतल्या भिंतीपाशी शंभर ते तीनशे लक्स उरले तरी आपल्याला खोली उजळच वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. झाडांना तसे जुळवून घेता येत नाही. अनुबियास, जावा फर्न यांसारखी सावलीत वाढणारी झाडे कमी उजेडावर भागवतात. पण थेट उन्हाचा झोत त्यांना पेलवत नाही, पानांवर काळपट हिरवे ठिपके धरतात. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया मुळातच आपल्या नद्या-तळ्यांत उघड्या उन्हात वाढणारी. त्यांना थोडे ऊन चालते, किंबहुना मानवते.

स्मार्टफोनमध्ये उजेड मोजणारे लक्स मीटरचे मोफत ॲप मिळते. त्याचे आकडे प्रयोगशाळेइतके अचूक नसतात, पण घरातल्या दोन जागांची तुलना करायला पुरेसे असतात. टँक ठेवण्याआधी त्या जागी सकाळी आठ, दुपारी बारा, तीन आणि पाच वाजता मोजणी करून लिहून ठेवावी. आकडा पन्नास हजारांच्या पुढे गेला, तर तिथे थेट ऊन येते असे समजावे.

मग पाणी हिरवे का होते?

हिरवे पाणी म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाची दाटी. ते वाढायला दोन गोष्टी लागतात : प्रकाश आणि खत. खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजलेली पाने यांतून ती तयार होतात. काही वेळा ती पाण्यातूनच येतात. मुळा धरणाच्या कालव्यावर भिजणारा नेवासा तालुका उसाचा आहे. जिथे जमिनीला रासायनिक खत भरपूर पडते, तिथे त्याचा काही भाग पाझरून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरू शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. माणसाला चालणारे हे प्रमाण शेवाळासाठी मेजवानी असते.

मोठी झाडे आणि शेवाळ यांची या खतासाठी स्पर्धा चालते. झाडे मूळ धरून वाढीला लागलेली असतील, तर ती खत आधी उचलतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. नव्याने लावलेला टँक, चार काड्या झाडे, जास्त मासे आणि त्यावर ऊन, असे जुळले की बाजी शेवाळ मारते. म्हणूनच त्याच खिडकीत एकाचा टँक काचेसारखा स्वच्छ असतो आणि दुसऱ्याचा पालकाच्या रसासारखा. उन्हाने शेवाळ जन्माला येत नाही, टँकमधले बिघडलेले गणित ते लवकर उघडे पाडते. पहिला महिना-दीड महिना टँकला थेट उन्हापासून दूर ठेवावे, असे म्हणतात ते यासाठीच.

नेवाशात कोणत्या खिडकीतून, केव्हा ऊन येते?

नेवासा साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. यावरून वर्षभराच्या उन्हाचा नकाशा काढता येतो. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि माध्यान्हीला क्षितिजापासून फक्त ४७ अंश वर येतो. १८ मे आणि २५ जुलैच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मध्ये माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो.

दक्षिणेची खिडकी : हिवाळ्यात ऊन खोलवर आत येते. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर अडीच फूट उंच टेबलावर ठेवलेल्या टँकपर्यंत डिसेंबरचे माध्यान्हीचे ऊन सुमारे चार फूट आत पोहोचते. मे महिन्यात मात्र सूर्य डोक्यावर असल्याने लहानसा छज्जाही ते पूर्ण अडवतो. नोव्हेंबरात टँक ठेवला, तर डिसेंबरात ऊन वाढते आणि उन्हाळ्यात गायब होते, हे अनेकांना उलटे वाटते.

पश्चिमेची खिडकी : सर्वांत धोक्याची. दुपारनंतरचे तिरपे ऊन छज्जाखालून सरळ आत घुसते. तोवर भिंत, स्लॅब आणि खोलीतली हवा आधीच तापलेली असते.

पूर्वेची खिडकी : सर्वांत सोयीची. सकाळी खोली थंड असते. तासाभराचे कोवळे ऊन झाडांना पुरते आणि पाणी फारसे तापत नाही.

उत्तरेची खिडकी : वर्षातला बराच काळ थेट ऊन नाही, पण उजेड एकसारखा. जूनच्या आगेमागे मात्र सकाळी लवकर आणि सायंकाळी तिरपे ऊन इथेही डोकावते. केवळ नैसर्गिक उजेडावर टँक चालवायचा असेल, तर ही खिडकी किंवा पूर्वेची निवडावी.

दिशेचा अंदाज नसेल, तर फोनमधले होकायंत्र वापरावे. जुन्या वाड्यात किंवा माळवदाच्या घरात खिडक्या लहान आणि भिंती जाड असतात, तिथे उन्हाचा त्रास कमी. पत्र्याच्या घरात मात्र खिडकीतून ऊन आले नाही, तरी छपरातून उष्णता येतेच.

टँकमधले पाणी किती तापते?

एक साधा हिशेब करू. दोन फूट लांब, एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी बसते. त्याच्या समोरच्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट या प्रमाणात ऊन पडले, तर तेवढ्या काचेवर ९० वॅटची उष्णता येते. ती सगळी पाण्यात मुरली, तर पाणी तासाला सुमारे दीड अंश सेल्सिअसने तापेल. तीन तासांत साडेचार अंश. प्रत्यक्षात काही ऊन पलीकडच्या काचेतून बाहेर जाते, काही उष्णता हवेत जाते. त्यामुळे वाढ यापेक्षा कमी होते. पण तळाला काळी माती आणि मागे काळा कागद असेल, तर बरेचसे ऊन आतच मुरते.

हिवाळ्यात २२ अंशांचे पाणी २५ वर गेले, तर मासे खूशच होतील. मे महिन्यात खोलीतले पाणी आधीच ३२-३३ अंशांवर असते. त्यात तीन अंशांची भर पडली, की गाठ मृत्यूशी असते. गप्पी साधारण २२ ते २८ अंशांत सुखात असतो. गोल्डफिश तर थंड पाण्याचा मासा, त्याला त्याहूनही कमी तापमान मानवते. टँक जितका लहान, तितका तो लवकर तापतो. खिडकीतल्या पाच लिटरच्या गोल बाउलमधला मासा सर्वांत आधी मरतो, तो यामुळे. गोल बाउलचा आणखी एक धोका आहे. पाण्याने भरलेला गोल काचेचा बाउल भिंगासारखे काम करतो आणि ऊन एका बिंदूवर गोळा करू शकतो. जवळ पडदा किंवा कागद असेल, तर तो पेटण्याचा धोका असतो.

मासे पहाटे पाण्याच्या वर तोंड का काढतात?

पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातपेक्षाही कमी. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते, तापमान दहा अंशांनी वाढले की ती साधारण दुप्पट होते. म्हणजे उत्पन्न घटले आणि खर्च वाढला.

त्यात झाडांची भर पडते. झाडे दिवसा ऑक्सिजन सोडतात, पण रात्री माशांसारखाच तो वापरतात. शेवाळही तेच करते. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो उजाडण्याच्या आधी. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना हे नवीन नाही : पाणी गडद हिरवे झालेल्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, की पाणी बदलण्याची वेळ झाली असे समजतात. घरातला टँक म्हणजे काचेतले शेततळेच. दिवसभर तापलेले पाणी, दाट झाडे आणि मध्यरात्री गेलेली वीज, त्यामुळे बंद पडलेला एअर पंप, हे तिन्ही एका रात्री जुळले की सकाळी मासे मेलेले सापडतात. दुपारी सगळे ठणठणीत होते, म्हणून कारण कळत नाही.

दुपारचा धोका वेगळा. भर उन्हात झाडे आणि शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग सामू ७ असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ झाला की पाच टक्के आणि ९ झाला की एक तृतीयांशाहून अधिक. नव्या, हिरव्या पाण्याच्या आणि माशांनी गच्च भरलेल्या टँकमध्ये ऊन म्हणूनच घातक ठरते. जुन्या, स्थिर टँकमध्ये फिल्टरमधले जिवाणू अमोनिया साठू देत नाहीत, तिथे हा धोका कमी.

माशांना बाजूने येणारा उजेड चालतो का?

मासे आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. नदीत उजेड वरूनच येतो, त्यामुळे अडचण नसते. जर्मन संशोधक एरिक फॉन होल्स्ट यांनी १९३५ मध्ये दाखवले, की माशावर बाजूने उजेड टाकला तर तो त्या बाजूला कलून पोहू लागतो. खिडकीच्या बाजूने सतत झोत येत असेल, तर मासे किंचित तिरपे पोहताना दिसतात आणि झाडेही खिडकीकडे झुकतात. उपाय सोपा आहे : खिडकीकडच्या काचेला बाहेरून काळा कार्डशीट लावावा आणि उजेड वरून येऊ द्यावा. त्याने शेवाळही कमी होते.

उन्हाने विजेची किती बचत होते?

दोन फुटी टँकला १५ वॅटचा एलईडी रोज सात तास लावला, तर महिन्याला सुमारे सव्वातीन युनिट वीज लागते. म्हणजे ऊन वापरून वाचतील ती तीन-चार युनिटे. एवढ्यासाठी टँक पश्चिमेच्या खिडकीत ठेवून मासे गमावणे परवडणारे नाही. ऊन वापरावे ते बचतीपेक्षा झाडांच्या वाढीसाठी आणि दिसणाऱ्या सौंदर्यासाठी. दोन्ही वापरणार असाल तर बेरीज लक्षात ठेवावी : सकाळी दोन तास ऊन मिळत असेल, तर दिवा तेवढा कमी लावावा. उजेडाचे एकूण सहा ते आठ तास पुरेत. पावसाळ्यात आभाळ भरले की उजेड एकदम घटतो, तेव्हा दिव्याचे तास वाढवावेत.

उन्हाळ्यात नेमके काय करावे?

होळीनंतर टँकची जागा पुन्हा तपासावी. डिसेंबरात योग्य असलेली जागा एप्रिलात योग्य असेलच असे नाही. भरलेला टँक हलवू नये, काचेचे जोड सुटतात. त्यामुळे हलवण्यापेक्षा ऊन अडवणे बरे. नेवाशात रोपवाटिकांमुळे शेडनेट ओळखीचे आहे. ५० टक्क्यांचे शेडनेट खिडकीच्या बाहेरून बांधावे. आतल्या पडद्यापेक्षा ते सरस, कारण उष्णता काचेच्या आत येण्याआधीच अडते.

टँकचे झाकण उघडून वर जाळी ठेवावी आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा लावावा. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच इथे उपयोगी पडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढी ५० लिटर पाणी ११ अंशांनी थंड करायला पुरेशी असते. खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. पण मासे वाचवायला तो पुरतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, पावसाळी दमट हवेत तितका नाही. बर्फ थेट टाकू नये. घाईच असेल तर बंद बाटलीत पाणी गोठवून ती तरंगत ठेवावी.

उडून गेलेल्या पाण्याची भर टाकताना काळजी घ्यावी. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागे राहतात. बोअरचे जड पाणी वारंवार टाकले, तर टँकमधले क्षार वाढत जातात. भर घालायला फिल्टरचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. आठवड्याच्या नेहमीच्या पाणीबदलाला मात्र नेहमीचेच पाणी चालते. नळाचे असेल तर एक दिवस उघडे ठेवून.

वीज जाण्याची शक्यता असेल, तर बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप जवळ असावा. तो नसेल, तर मगाने पाणी वरून सोडत राहणे हाही तात्पुरता उपाय आहे.

पाणी आधीच हिरवे झाले असेल तर?

सगळे पाणी एकदम बदलू नये, खत तसेच राहिले तर ते आठवडाभरात पुन्हा हिरवे होते. आधी खाद्य निम्मे करावे आणि कुजकी पाने काढावीत. चौथा हिस्सा पाणी बदलून टँक जाड कापडाने तीन दिवस पूर्ण झाकावा. या काळात एअर पंप सतत चालू हवा, कारण मरणारे शेवाळ कुजताना ऑक्सिजन खाते. नंतर पुन्हा चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि हायड्रिला किंवा पाण्यावर तरंगणारी झाडे वाढवावीत. तरंगणारी झाडे सावलीही देतात आणि खतही खातात.

छाटलेली झाडे आणि नको झालेले मासे प्रवरेत सोडू नयेत. प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीत जाते. बाहेरून आलेली झाडे तिथे पसरली, तर ती काढणे जलपर्णीइतकेच अवघड होईल. छाटणी परसातल्या झाडांच्या बुंध्याशी टाकावी, तिचे चांगले खत होते.

थोडक्यात, झाडांच्या टँकला ऊन वर्ज्य नाही. पूर्वेचे सकाळचे एक-दोन तास चालतील, पश्चिमेची दुपार नाही. फार तर शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर टँकला लावावा आणि मार्च ते जून या काळात दुपारी चार वाजता तो रोज पाहावा. काटा ३० च्या पुढे गेला, तर शेवाळाची चिंता नंतर करावी. आधी खिडकीवर सावली करावी आणि पंखा लावावा.